१९८२ चा मे महिना, गुहागरची कलमबाग आणि राहून गेलेला निरोप

पोफळबाग (मूळ धागा)

मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी जुळलेले आणि मृग लागण्याच्या आत संपलेले एक प्रेम मी आजवर यजमानांखेरीज कोणाजवळही बोललेले नाही. आता साठी उलटली आहे, दोन्ही मुले आपापल्या संसारात आहेत, आणि गेल्या काही महिन्यांपासून एक प्रश्न मनातून जात नाही. तो विचारण्याआधी सर्व हकीकत सांगते, कारण त्या उन्हाळ्याचे स्वरूप समजल्याशिवाय प्रश्नाला अर्थ राहणार नाही.

माझे आजोळ गुहागरचे. रस्त्याच्या समुद्राकडील बाजूस आजोबांचे घर, मागे नारळी-पोफळीची बाग, बागेच्या टोकाला सुरूचे बन आणि त्यापलीकडे पुळण. हापूसची कलमे मात्र गावाबाहेर चढावर होती. आम्ही पुण्याहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट या वाटेने एसटीने चिपळुणास उतरत असू आणि तेथून दुसरी गाडी धरत असू. परीक्षा संपल्यापासून शाळा-कॉलेजे उघडेपर्यंतचा काळ आजोळचा, हे आमच्या घरी ठरलेलेच होते.

१९८२ चा उन्हाळा मात्र नेहमीसारखा नव्हता. १८ जानेवारीपासून मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार संपावर होते, आणि मुंबईत पगाराविना दिवस काढणे अशक्य झाल्यामुळे त्यांतील असंख्य जण गावी परतले होते. एरवी आमच्या भागातील वाड्यांत पुरुषमाणसे दिसत ती गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात, तीही थोड्या दिवसांची पाहुणी म्हणून. त्या वर्षी ती फाल्गुनापासून घरीच होती. आंबा उतरवण्यासाठी दरवर्षी माणसे शोधत फिरणाऱ्या आजोबांकडे त्या वर्षी माणसे आपण होऊन कामाला येत होती.

त्यांतच तो आपल्या वडिलांबरोबर आला. वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. हा चाळीतच वाढलेला, रात्रशाळेतून मॅट्रिक झालेला, पुढे बारावीही झालेला. वडिलांच्या ओळखीने गिरणीत बदली कामगार म्हणून लागण्याचे जवळजवळ ठरले होते आणि तेवढ्यात संप झाला. कलमावर चढण्याची सवय त्याला नव्हती. ते त्याने त्याच वर्षी आपल्या चुलत्याकडून शिकून घेतले होते, आणि फांदीवर पाय कोठे टाकावा याचा विचार करीत तो इतक्या सावकाश चढे की खालून चुलता ओरडत असे.

कलमाखाली बसून फळांची प्रतवारी करणे आणि भरलेल्या पेटीवर आजोबांचा मार्का व क्रॉफर्ड मार्केटमधील दलालाचे नाव रंगाने लिहिणे हे काम माझ्याकडे होते, कारण घरात माझे अक्षर चांगले समजले जाई. घळीत, म्हणजे आंबे काढण्याच्या झोळीत, अलगद उतरवलेला आंबा देठासकट माझ्यापर्यंत आणून देण्याचे काम त्याचे. देठ मोडला की चीक फळावरून ओघळतो, तेथे काळा डाग पडतो आणि फळाची किंमत उतरते. त्यामुळे आमचे पहिले संभाषण देठांविषयीच झाले, आणि त्यानंतरची कितीतरी संभाषणेही देठांच्या निमित्ताने झाली.

तो मला गिरणगाव सांगत असे. पाळीच्या भोंग्यावर संपूर्ण चाळ कशी जागी होते, एकाच खोलीत पाळीपाळीने माणसे कशी झोपतात, खाणावळीतल्या बाया डबे कसे ओळखतात, आणि संपानंतर भोंगे थांबल्यावर पहिल्या सकाळी त्याची आई वेळ न कळल्यामुळे कशी बावरली. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या मला हे सर्व नवे होते. मी त्याला माझ्या कॉलेजातले सांगे, आणि तो पुस्तकांची नावे पेटीच्या फळीच्या तुकड्यावर लिहून घेत असे. पुढे वाचीन म्हणाला होता.

एकदा चीक उडून त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी उठली. मी घरून खोबरेल आणून त्याच्या हाताला लावले. त्या उन्हाळ्यात आमचा स्पर्श झाला तो तेवढाच. पुळणीवर एकत्र फिरायला जाणे वगैरे आमच्या बाबतीत कल्पनेतही शक्य नव्हते, कारण दोन्ही घरांची आडनावे एका पंक्तीला बसणारी नव्हती. हे मी शब्दशः म्हणते आहे. शेजारच्या घरी लग्न होते, तेव्हा घरच्या पंक्ती मांडवात उठल्या आणि कामाच्या माणसांची पंगत सर्वांच्या शेवटी बाहेर अंगणात बसली. मी जिलबीचे ताट घेऊन बाहेर गेले आणि वाढू लागले. तो मान खाली घालून जेवत होता. माझा हात त्याच्या पानावर थांबला तेव्हा त्याने वर पाहिले आणि हळूच "पुरे" म्हणाला. आजीने मला आत बोलावून घेतले. ती रागावली नाही, परंतु दुसऱ्या दिवसापासून कलमबागेत माझ्याबरोबर मामेभाऊ येऊ लागला.

मेअखेर आभाळ भरून येऊ लागले, उतरणी आटोपत आली, आणि एका सकाळी तो कामावर आला नाही. गिरण्या सुरू होणार अशी काही बातमी आली म्हणून, किंवा मोर्च्यासाठी निरोप आला म्हणून, वाडीतली बरीच माणसे रात्रीच्या गाडीने मुंबईला गेली होती आणि त्यांत तोही होता. निरोप घ्यायला सवड नव्हती, आणि सवड असती तरी त्याने आमच्या घरी येऊन कोणाचा निरोप घ्यायचा होता?

त्यानंतर आजोबांच्या नावे एक पोस्टकार्ड आले. आजोबांनी ते झोपाळ्यावर बसून सर्वांसमक्ष मोठ्याने वाचले. पेट्या मार्केटात सुखरूप पोहोचल्या, वडिलांची राहिलेली मजुरी चुलत्याकडे द्यावी, एवढा मजकूर होता, आणि शेवटी एक वाक्य होते: "पेट्यांवरील अक्षर सुबक आहे असे येथे सर्वजण म्हणतात, तरी तसे कळवावे." आजोबा मला म्हणाले, "बघ, तुझे अक्षर मुंबईपर्यंत गेले," आणि त्यांनी ते कार्ड पत्रांच्या तारेला अडकवून टाकले. त्याच आठवड्यात आम्ही पुण्यास परतलो. पुढच्या वर्षी गेले तेव्हा तारेवरची जुनी पत्रे बंबात गेली होती. तो मला पुन्हा कधीही दिसला नाही.

माझा संसार चांगला झाला, आणि त्यात या आठवणीने कधी खळ पाडला नाही. तरीही वळवाचा पाऊस आला की मला आजही त्या "तसे कळवावे"चे उत्तर द्यावेसे वाटते. तेव्हा उत्तर देण्यास मार्गच नव्हता. आज त्याचे नाव आणि वाडी एवढ्यावरून त्याला शोधून काढणे अवघड जाणार नाही. शोधावे का, हा माझा प्रश्न आहे. ज्यांच्या आयुष्यात असा एखादा उन्हाळा येऊन गेला आहे, त्यांनी आपले अनुभवही अवश्य लिहावेत.

कृष्णाकाठ

ताई, आपण लिहिलेला लग्नाच्या पंक्तीचा प्रसंग वाचून फार वेळ काही सुचले नाही. तरीही माझे मत शोधू नये असेच आहे. आपल्या यजमानांना सर्व ठाऊक आहे, ही आपल्याकडची गोष्ट झाली. त्यांच्या घरी हे कोणाला ठाऊक आहे, त्यांची पत्नी आहे की नाही, असल्यास चाळीस वर्षांनंतर एका अनोळखी बाईचा संदेश नवऱ्याच्या फोनवर पाहून त्यांना काय वाटेल, यांतले काहीच आपल्याला माहीत नाही. माझ्याही बाबतीत कराडला मावशीच्या घरी एक सुट्टी अशी गेली होती. मी नंतर एकदा पत्र पाठवले, ते नेमके त्यांच्या साखरपुड्याच्या दिवसांत पोहोचले, आणि त्यापायी त्या माणसाला घरच्यांना बरीच स्पष्टीकरणे द्यावी लागली असे मागाहून कानावर आले. आपल्या मनातली हुरहूर दुसऱ्याच्या घरात पोहोचेपर्यंत तिचे काय होईल, हे आपल्या हाती राहत नाही.

लालबागची चाळ

आपला धागा मी दोनदा वाचला. माझे वडीलही संपातले, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

आपल्या आठवणीत तो मे महिना हापूसचा आहे. त्यांच्या आठवणीत तो कसा असेल, याचा विचार आपल्या लेखात मला थोडा कमी वाटला. आमच्या घरी त्याच महिन्यांत आईचे मंगळसूत्र गहाण पडले, वाण्याने उधारी बंद केली, आणि मला व धाकट्या बहिणीला शाळा सोडवून संगमेश्वरकडील गावी आजीकडे ठेवले. गावी भात-कुळीथ तरी मिळेल, एवढाच हिशोब होता. संप इतका काळ टिकला तो गावाकडच्या या आधारामुळेच. आज सर्वांना ठाऊक आहे की तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो हळूहळू विरत गेला, आणि आमच्यासारख्या हजारो घरांत "गिरणी सुरू होईल" हे वाक्य काही वर्षे बोलले जाऊन मग बोलायचे बंद झाले. एकोणीस-वीस वर्षांच्या ज्या मुलाला बदली म्हणून लागायचे होते, त्याची नोकरी सुरू होण्याआधीच संपली. तो आपल्याला भोंग्याच्या गोष्टी सांगत होता, तेव्हा तो भोंगा आपल्याकरिता पुन्हा वाजेल की नाही या धास्तीत असणार.

त्यांच्या मनात आपल्याविषयी काही नव्हते असे मी मुळीच म्हणत नाही. पोस्टकार्डावरील ते वाक्य लिहायला किती धीर लागला असेल, याची मला पूर्ण कल्पना आहे. मात्र त्याच कार्डात वडिलांच्या राहिलेल्या मजुरीचा मजकूर आधी आहे, आणि तोही तितकाच खरा आहे. आपण त्यांना शोधाल तेव्हा त्या उन्हाळ्याची जी बाजू आपल्याला गोड वाटते तिच्याबरोबर दुसरी बाजूही त्यांच्यासमोर उभी राहील, एवढे ध्यानात असू द्यावे.

पोफळबाग

राग मुळीच नाही. उलट आपले वाचल्यापासून मला एक प्रसंग आठवतो आहे, जो मी लेखात घातला नव्हता, कारण तो या गोष्टीचा भाग आहे असे मला कधी वाटलेच नव्हते. मजुरी आठवड्याने दिली जाई. आजोबा ओटीवर बसून नावे पुकारत, माणसे खाली अंगणातून येऊन पैसे घेत. तो आपले पैसे घेई आणि तेथल्या तेथे, सर्वांसमक्ष, न मोजता वडिलांच्या हातावर ठेवी. वडील त्या वेळी दुसरीकडे पाहत असत. मी ते दृश्य ओटीच्या खांबाशी उभी राहून पाहत असे आणि मुलगा किती आज्ञाधारक आहे असे मनात म्हणत असे. साचेखात्यात दोन-दोन साचे सांभाळणाऱ्या माणसाला मुलाच्या हातून आंब्याच्या उतरणीची मजुरी घेताना मान का वळवावी लागत होती, हे आज आपल्या प्रतिसादानंतर समजले.

वाडीतला

मी गुहागर तालुक्यातलाच आहे आणि आयुष्यभर गावीच राहिलो आहे. या धाग्यात येणारे गेले आणि गेलेले आठवतात, परंतु मागे राहणाऱ्यांचे कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो.

माझी गोष्ट १९८६ ची. ती मुंबईहून शेजारच्या घरी आली होती. करवंदे, जांभळे, काजूचे बोंडू, विहिरीवरचे पाणी, सर्व काही झाले. ती गेली तेव्हा मी तिचे सामान डोक्यावरून थांब्यापर्यंत पोहोचवले, त्यामुळे आमचा निरोप मात्र रीतसर झाला. त्यानंतरचे जे आठ दिवस असतात, ते पाहुण्यांना माहीत नसतात. घरे एकेक करून बंद होतात, अंगणात घातलेले मांडव उतरवले जातात, आढीतले शेवटचे आंबे सुरकुततात आणि ते खायला मुले उरलेली नसतात. लगेच पेरणी येते, मग लावणी. चिखलात उभे राहून दिवसभर रोपे लावताना माणूस कोणाची आठवण काढीत बसत नाही. परंतु रात्री पावसाचा आवाज ऐकत पडल्यावर लक्षात येते की जिच्यासाठी सुट्टी संपली ती नव्या वर्गात, नव्या मैत्रिणींत गेली आहे, आणि आपण मात्र त्याच विहिरीवर पाणी भरतो आहोत. तिला विसरायला सारे मुंबई शहर होते. मला विसरायला दुसरी जागा नव्हती.

पुढच्या मेमध्ये ती आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षी लग्नाची पत्रिका आली. मला वाईट वाटले आणि मी लग्नाला गेलोही. आज ती गावी आली की आमच्या घरी चहा घेते, माझ्या बायकोशी तासभर बोलते. म्हणून मला कृष्णाकाठ यांचे म्हणणे पूर्णपणे पटत नाही. भेटीने आठवण नासते असा माझा अनुभव नाही.

पोफळबागताई, आपले ते गृहस्थ मात्र दोन्हींकडचे होते. त्यांना ना पाहुण्यासारखे निघून जाता आले, ना आमच्यासारखे गावात राहता आले. त्यांचा विचार करताना मला हे अधिक लागते.

निरभ्र

मी सत्तावीस वर्षांचा आहे. माझी गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली, पणजीतली, दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाच्या काळातली. आमच्याकडे संपर्काची साधने इतकी होती की निरोप घेण्याचे कारणच उरले नाही; "बोलत राहू" म्हणून आम्ही निघालो आणि जुलैपर्यंत उत्तरे येण्याचे थांबले. सर्व संदेश आजही फोनमध्ये आहेत आणि मी ते वाचत नाही. आपले जळून गेलेले कार्ड आपल्याला शब्दन् शब्द आठवते, आणि माझ्याजवळ असलेले हजारो शब्द मला आठवत नाहीत, याचे मला वाचताना फार वाईट वाटले.

माझे मत असे की उत्तर द्यावे. त्यांनी "कळवावे" असे लिहिले होते. ते कोणाला कळवायचे होते हे त्यांनी लिहिले नव्हते, तरी आपल्याला ते समजले होते, आणि आपल्याला समजले हे त्यांना आजवर कळलेले नाही.

लालबागची चाळ

निरभ्र यांचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. शोधायचेच असेल तर एक वाट सुचवतो. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने अर्ज मागवले होते आणि २०१२ मध्ये सोडत काढली होती, त्यानंतरही सोडती झाल्या. अर्ज कामगाराच्या किंवा त्याच्या वारसाच्या नावे असतात आणि त्यासाठी गिरणीतील नोकरीचे पुरावे द्यावे लागतात. आमच्या घरी वडिलांच्या पश्चात अर्ज माझ्या नावे झाला. कामगारांच्या संघटनांची मंडळी गावोगावच्या अर्जदारांना ओळखतात. वडिलांचे नाव, गिरणी आणि गाव सांगितल्यास ते कुटुंब सध्या कोठे आहे हे कळू शकेल. यात एक बरे आहे की चौकशी एका कामगाराच्या कुटुंबाची होईल, आणि कोणाच्याही फोनवर अवचित संदेश जाणार नाही.

कृष्णाकाठ

ही वाट मलाही बरी वाटते. माझा आक्षेप अवचित जाणाऱ्या संदेशाला होता. चौकशीत त्यांच्या घरची परिस्थिती आधी कळली, तर पुढे जायचे की तेथेच थांबायचे हे आपल्याला ठरवता येईल.

पोफळबाग

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल हा सर्व धागा मी यजमानांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "पत्र लिही, परंतु असे लिही की त्यांच्या घरातील कोणीही मोठ्याने वाचले तरी चालेल." आजोबांनी झोपाळ्यावर वाचलेले कार्ड तसेच होते, हे त्यांच्या लक्षात होते.

मी फोन करणार नाही आणि संघटनेमार्फत चौकशीही तूर्त करणार नाही. त्यांच्या वाडीच्या पत्त्यावर, वडिलांच्या नावाचा उल्लेख करून, पोस्टकार्ड पाठवीन. आधी वडिलांची विचारपूस करीन: पुढे गिरणीतून त्यांना देणी मिळाली का, घर मिळाले का, शेवटचे दिवस कसे गेले. आजोबांकडून राहिलेली मजुरी चुलत्याकडे वेळेवर पोहोचली होती का, हेही विचारीन, कारण लालबागची चाळ यांच्या प्रतिसादापासून ते मला सारखे सलते आहे. आणि शेवटी लिहीन की पेट्यांवरील अक्षराविषयीचा निरोप त्याच दिवशी मिळाला होता. कार्ड मी माझ्या हाताने लिहीन. अक्षर पूर्वीइतके सुबक राहिलेले नाही, तरी ओळखू येईल.

वाडीतला

ताई, एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. आमच्याकडील अशी पुष्कळ घरे आता वर्षभर बंद असतात आणि गणपतीत व शिमग्यात तेवढी उघडतात. आत्ता पाठवलेले कार्ड दाराच्या फटीतून आत पडेल आणि पावसाच्या ओलीने खराब होईल. गणेशचतुर्थीच्या चार-पाच दिवस आधी पोहोचेल अशा बेताने टाका, आणि पत्त्यात वाडीच्या नावाबरोबर चुलत्यांचे नावही घाला. पोस्टमन नवा असला तरी जुन्या नावांवरून घरे विचारत जातो.